बेस्टची बस पुन्हा मुंबईची करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

७ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र व्हायला आठ दिवस उरले होते आणि मुंबई महापालिकेने त्या दिवशी शहरातली ट्राम, बस आणि वीज चालवणारी कंपनी आपल्या ताब्यात घेतली. तोवर हा सगळा कारभार खासगी होता. घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि १९२६ च्या जुलैत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. हे सारं कंपन्यांच्या भांडवलावर झालं. ती कंपनी म्हणजेच आजची बेस्ट, आणि तिथे आजही ७ ऑगस्टला ‘बेस्ट दिन’ साजरा होतो.

ती तारीख आपोआप पडलेली नाही. ७ ऑगस्ट १९०५ रोजी महापालिकेने या कंपनीला शहरात वीज आणि ट्राम चालवण्याची परवानगी देणारा करार केला होता. ठरलेली वर्षं भरल्यावर पालिकेला वाटलं तर हा सगळा व्यवसाय विकत घेता येईल, असा हक्क त्या करारातच राखून ठेवलेला होता. बरोबर बेचाळीस वर्षांनी पालिकेने तो वापरला. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कितीजणांनी १९४७ पाहिलं असेल? तरी त्यांनी ते कलम घातलं, आणि म्हणून पुढच्या पिढीला भांडण न करता शहराची वाहतूक शहराकडे आणता आली.

आज ‘बेस्टचं खासगीकरण थांबवा, बस परत पालिकेकडे घ्या’ अशी मागणी होते तेव्हा मला आधी हे कलम आठवतं. मागणी मला मनापासून पटते. पण ती पुरी करायची तर आधी समजून घ्यायला हवं की गेलंय काय, कुणाकडे गेलंय आणि कोणत्या अटींवर गेलंय. कारण कागदावर बेस्ट आजही महापालिकेचाच उपक्रम आहे. मार्ग बेस्ट ठरवते, आगारं बेस्टची आहेत, तिकिटाचे पैसे बेस्टच्या खात्यात जातात. मग परत काय घ्यायचं?

वेट लीज म्हणजे काय

थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला फरक कळत नाही. गाडी तशीच लाल, नंबर तोच, तिकीट बेस्टचं, आणि वाहकही बहुतेक वेळा बेस्टचाच. पण ती बस बेस्टची नसते. ती एका कंत्राटदार कंपनीने विकत घेतलेली असते, तिचं कर्ज कंपनी फेडते, चालकाला पगार कंपनी देते आणि गाडी बिघडली तर दुरुस्तही कंपनीच करते. बेस्ट त्या कंपनीला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते. या पद्धतीला वेट लीज म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं ‘भाडेतत्त्वावरील बस’ लिहितात, ती हीच.

हिशेब कसा चालतो ते एका काल्पनिक गाडीवर पाहू. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त गणित कळावं म्हणून. समजा दर किलोमीटरला ७० रुपये ठरला आणि गाडी दिवसभरात १५० किलोमीटर धावली. कंपनीचं बिल झालं १०,५०० रुपये. त्या दिवशी ६०० जणांनी प्रवास केला आणि सरासरी तिकीट १२ रुपये पडलं, तर गल्ल्यात आले ७,२०० रुपये. वरचे ३,३०० बेस्टने घालायचे, वाहकाचा पगार वेगळा. आता गाडीत ६०० च्या जागी १०० माणसं बसली तर? बेस्टचं उत्पन्न कोसळेल, कंपनीचं बिल मात्र १०,५०० च राहील. थोडक्यात, प्रवासी मिळतील की नाही ही सगळी जोखीम शहराच्याच डोक्यावर राहते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, थांब्यावर उभा असलेला प्रवासी गाडीत चढला काय आणि राहिला काय, कंपनीच्या बिलात फरक पडत नाही. थांबा चुकवल्याबद्दल, फेरी बुडवल्याबद्दल करारात दंड असतात. पण दंड लावायचा तर कुणीतरी ते पाहिलं पाहिजे, लिहिलं पाहिजे आणि बिलातून कापलं पाहिजे. म्हणजे कंत्राट दिलं तरी देखरेखीला स्वतःची अनुभवी माणसं लागतातच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दर ठरलेला, किलोमीटर ठरलेले, मग कंपनीचा नफा येणार कुठून? खर्च कमी करून. गाडीच्या कर्जाचा हप्ता कमी होत नाही. सीएनजी किंवा विजेच्या दरावर कंपनीचा हात नाही. उरतात सुटे भाग, देखभाल आणि चालकाचा पगार. संध्याकाळी एलबीएस मार्गावर गाडी कुर्ला-घाटकोपरच्या कोंडीत तासभर अडकली की किलोमीटर पळत नाहीत आणि चालकाची पाळी मात्र चालू असते. अशा वेळी कात्री कुठे लागते हे सांगायला नको. कंपनीचे मालक वाईट आहेत म्हणून हे होत नाही. करारच असा बांधलाय की काटकसर या दोन-तीन जागीच होऊ शकते, आणि नेमक्या त्याच जागा प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या आहेत.

इथवर कसे आलो

बेस्टचं जुनं अर्थकारण साधं होतं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट वीज पुरवते, ग्राहक दहा लाखांच्या घरात. विजेत उरायचं ते बसच्या तोट्यात जायचं. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेच्या ग्राहकाने बसचा भार का उचलायचा हा वाद वाढत गेला आणि हा रस्ता हळूहळू बंद झाला. दुसरा रस्ता कुणी बांधला नाही. पालिका म्हणायची उपक्रम स्वतंत्र आहे, स्वतःचं स्वतः बघावं. उपक्रम म्हणायचा, मालक पालिका आहे.

२०१० च्या आसपास ताफ्यात साडेचार हजारांहून जास्त बस होत्या. नंतर जुन्या गाड्या वयोमानाने मोडीत निघत गेल्या, नव्यांची खरेदी आटली आणि चालकांची भरती थांबली. स्वतःच्या मालकीचं म्हणून सगळं चोख चालायचं असंही नाही. मधल्या काळात घेतलेल्या जांभळ्या वातानुकूलित बस बेस्टला इतक्या महागात पडल्या की २०१७ साली त्या बंद कराव्या लागल्या. सरकारी मालकी असली की चूक होत नाही, असं या लेखात कुठेही म्हणायचं नाही. चूक झाली तर ती कुणाची हे विचारता येतं, एवढा फरक नक्की पडतो.

२०१९ च्या जानेवारीत बेस्टचे कर्मचारी संपावर गेले. नऊ दिवस बस बंद होती. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, ही त्यांची मोठी मागणी होती. ती पूर्ण झाली नाही. त्याच वर्षी पालिकेने पैसे द्यायचं मान्य केलं, जुलैत किमान भाडं पाच रुपयांवर आलं आणि भाड्याच्या बस झपाट्याने रस्त्यावर उतरू लागल्या. याचं श्रेय द्यायलाच हवं: पाच-सहा रुपयांत वातानुकूलित मिनीबस मिळाली आणि शेअर रिक्षाकडे गेलेला प्रवासी लाखांनी परत आला. वेट लीजने ताबडतोब गाड्या आणल्या, आणि शहराला त्या तेव्हा हव्याच होत्या.

पण त्या वेळी कामगार संघटनांशी झालेल्या करारात एक शब्द दिला गेला होता, की स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम राहतील. आज तो आकडा काहीशेंवर आला आहे. भाड्याच्या बस स्वतःच्या ताफ्याला जोड म्हणून आल्या होत्या आणि बघता बघता त्यांनी ताफ्याचीच जागा घेतली. एकूण बसही वाढल्या नाहीत. साडेचार हजारांवरून आपण तीन हजारांच्या आत आलो आहोत. २०२५ च्या मे महिन्यात किमान भाडं दहा रुपये झालं, वातानुकूलितचं बारा.

भेगा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये भाड्याच्या बसचे चालक संपावर गेले. पगार वाढवा आणि बेस्टच्या कर्मचाऱ्यांसारखा मोफत बसप्रवास द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. बेस्टची अडचण बघा: हे चालक बेस्टचे कर्मचारी नव्हते. त्यांच्याशी बोलणी करायची तर कुठल्या नात्याने? कंपनी म्हणणार, दर वाढवा मग पगार वाढवतो. आठवडाभर ठिकठिकाणची सेवा कोलमडली आणि एसटीच्या बस मुंबईच्या रस्त्यांवर बोलवाव्या लागल्या.

२०२४ च्या अखेरीस एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून काम सोडलं आणि अडीचशेहून जास्त मिनीबस एकदम गेल्या. एक कंत्राटदार त्याआधीही असाच गेला होता. गाडी कंपनीची असल्यामुळे कंपनीबरोबर गाडीही जाते. मिनीबस बहुतेक स्टेशनपासून आतल्या वस्त्यांपर्यंतच्या छोट्या मार्गांवर होत्या, जिथे दुसरा नंबर नसतो. त्या मार्गावरच्या कामवाल्या बाईला, कॉलेजच्या मुलाला दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच दिसलं की बस येत नाही.

त्याच डिसेंबरच्या ९ तारखेला कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा नऊवर गेला. बारा मीटरची स्वयंचलित गिअरची गाडी हाती देण्याआधी त्या कंत्राटी चालकाला किती दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, हा प्रश्न लगेच पुढे आला. माझ्यासाठी या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे. चालक कंपनीचा, मार्ग बेस्टचा, रस्ता पालिकेचा, आणि मेलेली माणसं आपली. बेस्टच्या चालकाला जुन्या पद्धतीत आगारात, वरिष्ठांच्या नजरेखाली तयार केलं जायचं. ती जबाबदारी कंपनीवर सोपवली तेव्हा किलोमीटरच्या दरात तिची किंमत धरली होती का?

परत घ्यायचं तर कसं

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. कराराची मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि नवा करार करायचा नाही. मधेच करार तोडायचा. किंवा कंपनीचा हिस्सा विकत घ्यायचा.

करार मधेच तुटला की काय होतं याचं मोठं उदाहरण दिल्लीत आहे. नवी दिल्ली ते विमानतळ जाणारी मेट्रो खासगी कंपनीने २०११ साली सुरू केली. २०१२ मध्ये बांधकामातल्या दोषांवरून ती काही महिने बंद राहिली, आणि २०१३ च्या जुलैपासून दिल्ली मेट्रोने ती स्वतः चालवायला घेतली. प्रवाशांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पुढे भाडी उतरवली गेली आणि गर्दी वाढली. पण करार कुणामुळे मोडला हा वाद लवादाकडे गेला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटींचा निवाडा दिला. व्याज चढत चढत रक्कम त्याच्या दुपटीहून खूप वर गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निवाडा कायम केला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये, अगदी शेवटच्या क्युरेटिव्ह याचिकेत, रद्द केला. गाड्या ताब्यात आल्यापासून सुमारे अकरा वर्षं ही टांगती तलवार होती. दिल्ली मेट्रोकडे मेट्रो चालवणारी तयार माणसं होती म्हणून सेवा तरी थांबली नाही.

विकत घेण्याचा प्रयत्न मुंबईत झाला आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिच्यात खासगी कंपनीचा ७४ टक्के आणि एमएमआरडीएचा, म्हणजे राज्य सरकारच्या महानगर विकास प्राधिकरणाचा, २६ टक्के हिस्सा. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये तो ७४ टक्के हिस्सा सुमारे ४,००० कोटींना घ्यायला मंजुरी दिली आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. कागदावर ‘परत घ्या’ दोन शब्दांत लिहिता येतं, पण किंमत काढायला बसलं की कर्ज, थकबाकी, पुढच्या वर्षांचं अपेक्षित उत्पन्न सगळं पुढ्यात येतं.

या तुलनेत बेस्टची बस परत घेणं खूप सोपं आहे. बसचे करार मेट्रोसारखे तीस-पस्तीस वर्षांचे नसतात. रूळ नाहीत, पूल नाहीत. गाडी दहा-बारा वर्षांत म्हातारी होतेच. करार संपू द्यायचे आणि संपलेल्या प्रत्येक करारामागे स्वतःच्या बस आणायच्या, यात न्यायालयात जाण्यासारखं काही नाही.

अडचण वेगळीच आहे. घरची चूल मोडून डबा लावला आणि पाच वर्षांनी डबेवाल्या काकूंनी काम सोडलं, तर गॅस आणि भांडी एका दिवसात आणता येतील, पण तोवर घरात स्वयंपाक येणारं कुणी उरलेलं असलं पाहिजे. बेस्टमध्ये नेमकं तेच कमी होत चाललंय. चालक निवृत्त होताहेत, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. स्वतःच्या गाड्या घटल्या तसं आगारातल्या मेकॅनिकचं काम घटलं. रात्री गाड्या आत आल्यावर खड्ड्यात उतरून ब्रेक तपासणारा, आवाजावरून बेअरिंग ओळखणारा माणूस जाहिरात देऊन पंधरा दिवसांत मिळत नाही. इलेक्ट्रिक बसबाबत तर बेस्टच्या स्वतःच्या माणसांच्या हाताला ते काम लागलेलंच फारसं नाही. बॅटरी, मोटर, सॉफ्टवेअर, सगळं कंपनीच्या माणसांकडे. उद्या करार संपला तर हक्क बेस्टकडे असेल, पण किल्ली हातात घेणारं कोण?

इंग्लंडमधल्या मँचेस्टरची गोष्ट इथे उपयोगी पडते. तिथे १९८६ साली बस पूर्ण मोकळी सोडली होती: कुठल्याही कंपनीने वाटेल त्या मार्गावर वाटेल त्या भाड्याने गाडी चालवावी. फायद्याच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग आणि बाकी ठिकाणी शुकशुकाट. २०१७ च्या कायद्याने शहराला नियंत्रण परत घेण्याचा अधिकार मिळाला. सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने काम सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळं महानगर त्यात आलं. मार्ग, वेळापत्रक, भाडं शहराचं. गाड्या चालवायला अजून कंपन्याच. पण शहराने आगारं स्वतःकडे घेतली. आगार शहराचं असलं की एक कंपनी गेली तर दुसरी येऊ शकते, किंवा शहर स्वतः उभं राहू शकतं.

मँचेस्टरला जे विकत घ्यावं लागलं ते मुंबईकडे आधीच आहे. आणिक, वडाळा, दिंडोशी, पोयसर, मरोळ, देवनार, बॅकबे, अशी दोन डझनांहून जास्त आगारं, तीही मुंबईतल्या सोन्याच्या भावाच्या जमिनीवर. म्हणून आगारांच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की माझा जीव खालीवर होतो. वर टॉवर उठेल, खाली बसला जागा ठेवू, असं सांगतात. पण बस उभी करायला, वळवायला, धुवायला, चार्ज करायला किती जागा लागते याचा हिशेब टॉवरच्या खांबांआधी व्हायला हवा. आगार गेलं तर पुढचं सगळं बोलणं संपलं.

पैशाचं काय

स्वतःची बस महाग पडते हे खरं आहे. कायम चालकाला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. दोन्हींच्या किलोमीटरच्या खर्चात जो फरक दिसतो त्यातला मोठा भाग हाच आहे. म्हणजे भाड्याच्या बसची स्वस्ताई बऱ्याच अंशी चालकाच्या खिशातून येते. शिवाय वाहक, आगाराची जमीन, देखरेख हे खर्च दोन्हीकडे बेस्टचेच, आणि कंत्राटदार निघून गेल्यावर बुडालेल्या फेऱ्या कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, त्यात बेस्टला सुमारे एक हजार कोटी. सागरी किनारा रस्त्याच्या एका टप्प्यावर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च झाले, त्यावर टोल नाही, आणि त्याला कुणी तोट्यातला रस्ता म्हणत नाही. म्हणूही नये. मग रोज पंचवीस-तीस लाख लोकांना नेणाऱ्या बसलाच तोट्याचा शिक्का का?

हा प्रश्न विचारायची जागा म्हणजे बेस्ट समिती, जिथे नगरसेवक आपल्या वॉर्डातल्या बंद झालेल्या मार्गाबद्दल महाव्यवस्थापकांना जाब विचारायचे. २०२२ च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि पुढची काही वर्षं ती जागाच रिकामी राहिली. बसचे करार त्या काळातही होतच होते.

पुढचे करार होतील तेव्हा त्यात काय असावं, हे मला वाटतं आत्ताच मागायला हवं. मुदतीनंतर किंवा कंपनीने मधेच काम सोडल्यास बस ठरलेल्या किमतीला घेण्याचा बेस्टला हक्क. चार्जिंगची यंत्रणा आगाराच्या मालकीची. चालकाचं किमान वेतन आणि प्रशिक्षणाचे दिवस दरातच धरलेले, आणि शेवटची चाचणी बेस्टकडे. बस बेस्टकडे आली तर चालकालाही बेस्टमध्ये यायची संधी. आणि कराराची वाट न बघता पहिली भरती मेकॅनिकांची, तीही एखाद्या आगारात स्वतःच्या शंभरेक इलेक्ट्रिक बस देऊन. चालक वर्षभरात तयार होतो, कार्यशाळा उभी राहायला चार-पाच वर्षं लागतात, आणि आजच्या बऱ्याच गाड्यांचे करार त्यानंतर लवकरच संपायला लागतील.